‘आई, सगळेच ओढतात गं’: अकरावीतल्या मुलाच्या खिशात गांजा सापडल्यावर

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. मुलगा अकरावी सायन्सला, सोळा पूर्ण. कपडे धुवायला टाकताना जीन्सच्या खिशात गोगोचं, म्हणजे सिगारेट वळायच्या कागदाचं, पाकीट आणि प्लास्टिकच्या पुडीत चिमूटभर गांजा मिळाला. विचारल्यावर आधी तो “मित्राचा आहे” म्हणाला, मग चिडून म्हणाला, “आई, सगळेच ओढतात गं. नॅचरल आहे. अमेरिकेत लीगल आहे. आणि बाबा दर शनिवारी पितात ते चालतं?” तुम्ही विचारताय, लघवीची तपासणी करायची का, व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं का, कॉलेज बदलायचं का. आणि सगळ्यात शेवटी, जरा संकोचून, “त्याची बॅग रोज तपासत राहू का?”

मी पुण्यात गेली सव्वीस वर्षं या क्षेत्रात समुपदेशक आहे. निम्मी वर्षं मोठ्या माणसांच्या वॉर्डात गेली, नंतरची मुलांबरोबर. माझ्या मते तुमच्यापुढची खरी अडचण ही पुडी नाहीच. ती तुम्ही कचऱ्यात टाकाल, पण तो जी चार वाक्यं बोलला ती त्याच्या डोक्यात तशीच राहतील. त्या वाक्यांना तुम्ही काय उत्तर देता, आणि ते त्याला खरं वाटतं का, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. तपासणी, केंद्र, कॉलेज यांचं नंतर बोलू.

त्याआधी एक कबुली. मी तुमच्या मुलाला पाहिलेलं नाही. तो महिन्यातून एकदा चौघांत बसून ओढतो की रोज रात्री गच्चीवर एकटा, हे मला माहीत नाही. गांजा सुरू होण्याआधीपासून तो अस्वस्थ, उदास, झोप न येणारा होता का? घरात, आजोळी किंवा वडिलांकडे, कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार झालाय का? माल त्याला कोण आणून देतं, की आता तोच इतरांना देतो? या उत्तरांनुसार माझा सल्ला बदलेल. खाली जे लिहितेय ते ‘अधूनमधून, मित्रांबरोबर, फक्त गांजा’ असं धरून.

आता ‘सगळेच’. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली होती, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात १० ते १७ वयोगटात भांग, गांजा, चरस यांपैकी काहीही वर्षभरात घेतलेल्या मुलांचं प्रमाण सुमारे ०.९ टक्के निघालं. म्हणजे शंभरात एकही नाही. लगेच हा आकडा त्याच्या तोंडावर फेकू नका. त्यात दहा वर्षांची मुलं आहेत, खेडी आहेत, मुली आहेत, आणि घरी येऊन विचारणाऱ्या माणसाला कुठलं पोरगं खरं सांगणार? शहरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलग्यांत प्रमाण याहून जास्त आहे, हे मी रोज बघते. पण कितीही ताणलं तरी ते ‘सगळेच’पर्यंत पोचत नाही.

मग त्याला तसं का वाटतं? तो खोटं बोलत नाहीये. त्याच्या कट्ट्यावर खरंच सहापैकी चार जण ओढत असतील. मी कॉलेजांत कार्यशाळा घेते तेव्हा मुलांना नाव न घालता चिठ्ठीवर दोन उत्तरं लिहायला सांगते : तुझ्या वर्गातले किती जण नशा करतात असं तुला वाटतं, आणि गेल्या महिन्यात तू स्वतः केलीस का. चिठ्ठ्या तिथल्या तिथे मोजायच्या. आजवर एकदाही असं झालं नाही की अंदाज खऱ्या आकड्याच्या जवळ आला. तो नेहमी कित्येक पट जास्त असतो. फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले की वर्ग गप्प होतो, आणि मागच्या बाकावरचं एखादं पोरगं चक्क सुस्कारा सोडतं. आपण एकटेच मागे राहिलोय असं त्याला वाटत असतं. ओढणारा मुलगा कट्ट्यावर आणि स्टोरीत दिसतो. न ओढणारा घरी बसून गणितं सोडवतोय, तो कुणाला दिसणार?

याच पाहणीतली एक गोष्ट आईबापांच्या कानावर फारशी येत नाही. हुंगायची द्रव्यं, म्हणजे व्हाइटनर, सोल्युशन, थिनर, यांचं प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के आणि मुलांत १.१७ टक्के. मुलांनी मोठ्यांना मागे टाकलंय असा हा एकच प्रकार. आपण गांजाचा वास शोधत बसतो आणि पंक्चरवाल्याकडची ट्यूब दप्तरात जाते. तुमच्या मुलाचा तो प्रश्न दिसत नाही, पण धाकटं भावंड असेल तर लक्षात ठेवा. हुंगल्याने हृदयाचे ठोके बिघडून पहिल्याच वेळी जीव गेल्याची उदाहरणं आहेत.

आता माझी एक चूक सांगते. साधारण २००५ साल असेल. एका शाळेत नववी-दहावीच्या मुलांपुढे मी स्लाइड शो केला. काळी फुप्फुसं, सुया, तिरडी. “एकदा ओढलंत की संपलात,” असं ठासून सांगितलं. शिक्षक खूश, मुख्याध्यापकांनी नारळ दिला. तीनेक वर्षांनी त्याच बॅचचा एक मुलगा पेशंट म्हणून माझ्यासमोर बसला, नशा न मिळाल्याने अंगावर टर्की चढलेली, नाक गळतंय, हाडं दुखताहेत. गर्दवर, म्हणजे ब्राउन शुगरवर होता. म्हणाला, “मॅडम, तुम्ही म्हणालात एकदा ओढलं की संपलो. मी गांजा ओढला आणि दुसऱ्या दिवशी मॅथ्सचा पेपर बरा गेला. मग म्हटलं, बाकीच्याबद्दल पण हे असंच सांगत असणार.” मी त्याला काय उत्तर देणार होते? त्या दिवसापासून तिरडीची स्लाइड बंद.

तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे जे आहे ते त्या मुलानेच शिकवलेलं आहे. गांजाबद्दल फुगवून सांगितलंत तर एमडीबद्दलचं, म्हणजे मेफेड्रोन या रासायनिक नशेबद्दलचं, खरं सांगायची तुमची पत उरत नाही. आणि आज त्या ‘बाकीच्या’ची यादी पूर्वीपेक्षा वाईट आहे.

मी वॉर्डात आले तेव्हा गर्दचा जोर ओसरत होता. मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालं ते ब्राउन शुगरच्या त्याच लाटेमुळे. तेव्हाचे पेशंट पंचविशीतले असत, आधी विडी, मग दारू, मग गर्द, अशा पायऱ्या चढत आलेले. नंतर खोकल्याची औषधं आली, मालेगावकडे ‘कुत्ता गोळी’, मराठवाड्यात ‘बटन’, म्हणजे झोपेच्या आणि घबराटीवरच्या गोळ्या. मग मुंबईत ‘म्याऊ म्याऊ’ आलं, मेफेड्रोन, ज्याला आता शाळकरी पोरंही एमडी म्हणतात. २०१५च्या फेब्रुवारीपर्यंत ते अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीतही नव्हतं. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंडजवळच्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा कारखानाच सापडला. पुणे-दिल्ली मिळून हजार किलोंहून जास्त माल पोलिसांनी पकडला. दूर कुठल्या सीमेवरून येणारी ही वस्तू नाही, आपल्याच जिल्ह्यात शिजते. अलीकडे जिमला जाणाऱ्या पोरांत मेफेन्टरमिनची इंजेक्शनं दिसतात. ऑपरेशन टेबलावर पेशंटचं ब्लड प्रेशर पडलं तर चढवायला वापरतात ते औषध, आणि ही मुलं व्यायामाआधी टोचून घेतात. पायऱ्या वगैरे आता कुणी चढत नाही. पंधराव्या वर्षी वेप (ई-सिगारेट), सोळाव्या वर्षी गांजा, आणि त्याच वर्षी पार्टीत कुणीतरी पुढे केलेली, नाकाने ओढायची एमडीची रेघ.

म्हणून गांजाबद्दल जेवढं खरं आहे तेवढंच सांगा. एका सिगारेटने कुणी वेडं होत नाही, मरत नाही. गांजा घेणाऱ्यांपैकी साधारण दहात एकाला त्याचं व्यसन लागतं. पण वीस वर्षांच्या आत सुरुवात करणाऱ्यांत तेच प्रमाण साधारण सहात एक होतं, कारण मेंदूचं बांधकाम पंचविशीपर्यंत चालूच असतं. रोज ओढणाऱ्या मुलात पहिल्यांदा जाते ती स्मरणशक्ती आणि ‘करू नंतर’ म्हणायला लावणारा एक आळस. तो मुलाला स्वतःला दिसत नाही, बारावीच्या निकालात दिसतो. आणि काही थोड्या मुलांत, विशेषतः घरात मानसिक आजाराचा इतिहास असेल तर, भास आणि संशय सुरू होतात. ते कोणात होईल हे आधी ओळखता येत नाही. सहात एक म्हणजे फासा टाकून एक पडण्याची शक्यता, असं मी मुलांना सांगते. ते पटतं त्यांना. खोटं वाटत नाही.

एमडीची गोष्ट निराळी. त्याची किक तास-दोन तासांत उतरते आणि लगेच पुन्हा हवीशी वाटते. रात्रभर रेघांवर रेघा, मग दोन-तीन दिवस झोप नाही, जेवण नाही, दात कराकरा, आणि उतरल्यावर जीव नकोसा करणारी उदासी. वजन महिन्यात झरझर उतरतं. पैशाची गणितंही ठरलेली : पहिल्यांदा फुकट, मग उधारी, मग उधारी फेडायला ‘एवढी पुडी अमक्याला देऊन ये’. अशी पोरं माझ्याकडे वकिलांबरोबर येतात. ‘सगळ्या नशा सारख्याच वाईट’ असं तुम्ही म्हणालात की मुलगा त्याचा सोपा अर्थ लावतो, सगळ्या सारख्याच ठीक.

अमेरिकेत १९७५ पासून शाळकरी मुलांना दरवर्षी विचारतात की काय घेता आणि अमुक घेणं किती धोक्याचं वाटतं. बरीच वर्षं त्यात असं दिसलं की मुलांना वाटणारा धोका आधी कमी होतो आणि वापर मागाहून वाढतो. अलीकडे हे नातं सैल झालंय. गांजात धोका आहे असं मानणारी मुलं कमी झाली, वापर त्या मानाने वाढला नाही. उलट एक भयंकर गोष्ट घडली. २०१९ ते २०२१ या दोन वर्षांत १० ते १९ वयाच्या मुलांचे ओव्हरडोसचे मृत्यू दुपटीहून अधिक झाले, घेणारी मुलं वाढलेली नसताना. बनावट गोळ्यांत फेन्टॅनिल, म्हणजे अफूच्या जातीचं अतितीव्र वेदनाशामक, मिसळलेलं होतं. पुडीत काय आहे हे घेणाऱ्याला माहीत नसतं, आणि बहुतेकदा विकणाऱ्यालाही नसतं. आपल्याकडे फेन्टॅनिलची तशी लाट नाही, पण एमडीच्या पुडीवर तरी कुठे घटकपदार्थ छापलेले असतात?

तर ‘अमेरिकेत लीगल आहे’ याचं उत्तर तिथेच आहे. ज्या राज्यांत मौजेखातर गांजा विकायला परवानगी आहे तिथेही वयाची अट २१ आहे. कॅनडात १८ ते २१, प्रांतानुसार. जर्मनीने २०२४ मध्ये मोकळीक दिली ती १८च्या पुढच्यांना. सोळा वर्षांच्या मुलाला यातल्या एकाही ठिकाणी दुकानात गांजा मिळणार नाही. हे भांडणाच्या सुरात सांगू नका. “अरे, मग तिथे सोळाला का देत नसतील?” एवढंच विचारा आणि गप्प बसा. ‘नॅचरल’बद्दल मी फार बोलत नाही. धोतराही नॅचरल आहे. शिवरात्रीच्या भांगेचा दाखला देईल कदाचित. केंद्राच्या कायद्यात पानं आणि बिया वगळल्या आहेत, बोंडं आणि राळ, म्हणजे गांजा आणि चरस, नाही. राज्याचे नियम आणखी वेगळे.

राहिलं बाबांचं पिणं. इथे मुलगा बरोबर आहे, आणि तुमच्या घरातलं सगळ्यात अवघड बोलणं हेच आहे. “मोठे झाल्यावर काय ते कर” हे उत्तर चालत नाही, कारण पाच मिनिटांपूर्वीच तो सांगून गेलाय की मी मोठा झालोय. मी वडिलांना केबिनमध्ये एकटं बसवून सांगते की तुम्ही सोडाच असा माझा हट्ट नाही, पण पोरासमोर थापा मारू नका. एका गृहस्थांनी मुलाला सांगितलं, “मला पंचवीस वर्षांत शनिवार सोडता आलेला नाही. तू सहा महिन्यांत सोडशील तर माझ्यापेक्षा पुढचा.” त्यांनी पुढचे दोन शनिवार प्यायली नाही. तिसऱ्या शनिवारी प्यायली आणि तेही सांगितलं. त्या घरात बोलणं सुरू झालं ते तिथून. तुमच्या यजमानांना हे जमेल का, ते तुम्हीच ओळखता.

बोलायचं कधी? तो तारेत असताना नाही, तुम्ही रडत असताना नाही, आणि मामा-काकांची पंचायत बसवून तर मुळीच नाही. गाडीवरून जाताना, भाजी निवडताना, समोरासमोर डोळ्यांत डोळे न घालता बोलणं मुलांना सोपं जातं. पहिला प्रश्न ‘का घेतोस’ असा नको. “ओढल्यावर काय बरं वाटतं?” असा विचारा. तुम्हाला तो विचित्र वाटेल. पण “झोप लागते” म्हणाला तर झोपेचा प्रश्न आहे, “ग्रुपमध्ये बोलता येतं” म्हणाला तर भिडस्तपणाचा, “काही नाही, टाइमपास” म्हणाला तर रिकाम्या संध्याकाळचा. तिघांचं पुढचं औषध वेगळं. मग विचारा, “आणि काय आवडत नाही?” यादी तोच करेल, पैसे जातात, डोळे लाल होतात म्हणून आय ड्रॉप घालावे लागतात, तुमच्याशी खोटं बोलावं लागतं. ती यादी तुम्ही वाढवायची नाही. ऐकायचं आणि उठायचं.

तपासणीचं. लघवीचं किट मेडिकलमध्ये मिळतं. एखाद्या वेळी ओढला असेल तर साधारण तीन दिवस, रोजचा असेल तर तीन-चार आठवडे ते पॉझिटिव्ह दाखवतं. नेहमीच्या किटवर एमडी बहुधा सापडतच नाही, म्हणजे हुशार पोराला तुम्ही नको ती वाट दाखवता. चोरून तपासणी कधीही नको. उपचार सुरू झाल्यावर त्याच्या संमतीने, डॉक्टरांकडे, जरूर.

केंद्रात ठेवायची आत्ता गरज दिसत नाही. चाळिशीतल्या दारुड्यांच्या आणि गर्दच्या पेशंटांच्या मध्ये सोळा वर्षांचा मुलगा महिनाभर ठेवला तर तो काय शिकून येईल सांगा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार अल्पवयीन रुग्णाला प्रौढांपासून वेगळं ठेवावं लागतं. मुलाला उचलून न्यायला जे गाडी पाठवतात त्यांच्यापासून चार हात लांब राहा. मानसोपचारतज्ज्ञाकडे बाह्यरुग्ण म्हणून सुरुवात करा. जवळ कुणी नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी नंबर आहे.

पोलिसांची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असतेच. किलोपर्यंतचा गांजा कायद्याने ‘अल्प प्रमाण’. गुन्हा आहेच, पण अल्पवयीन मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. आणि स्वतःहून सरकारमान्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला कलम ६४अ खटल्यापासून संरक्षण देतं. त्याला माल विकणाऱ्याला मात्र बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

कॉलेज बदलून कट्टा बदलतो, फोन तोच राहतो, आणि माल आता इन्स्टाग्राम-टेलिग्रामवरून येतो. मी कॉलेजपेक्षा संध्याकाळ बदलायला सांगेन. आइसलँडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं महिनाभरात एकदा तरी दारू पिऊन झिंगलेली असत. २०१६ मध्ये ती ५ टक्क्यांवर आली. त्यांनी मुलांना खेळायला, वाजवायला जागा आणि पैसे दिले, रात्री बाहेर राहण्याच्या वेळा ठरवल्या, आणि आईबाप एकमेकांना ओळखू लागले. आपल्याकडे नगरपालिका हे करेल याची वाट बघू नका. क्लास सुटल्यापासून जेवणापर्यंतचे तीन तास कुठे जातात एवढं बघा, आणि त्या चार मित्रांच्या आयांना फोन करा. त्यांच्याही घरी हेच चाललंय आणि त्याही कुणाला बोलल्या नाहीत, असं माझा अनुभव सांगतो. आणि आपल्याकडची मुलं बदलतच नाहीत असंही नाही : १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांत तंबाखूचं प्रमाण २००९ मध्ये १४.६ टक्के होतं, २०१९ मध्ये ८.५ वर आलं.

घाई कधी करायची ते सांगते. दोन-दोन रात्री झोप नाही, वजन उतरतंय, घरातले पैसे किंवा दागिना गेला, कुणीतरी पाठलाग करतंय असं तो म्हणतोय, किंवा ‘जगून काय करायचं’ असं बोलला, यातलं एकही दिसलं तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आणि बॅग. रोज तपासू नका. तपासायला लागलात तर तो बॅगेत ठेवणं बंद करेल, एवढंच होईल. त्याला सरळ सांगा, “मी तुझी बॅग उघडणार नाही. पण घरात माल आणायचा नाही, आणि तू मला विचारलंस तर मी कधीच खोटं सांगणार नाही, गांजाबद्दलही नाही.” ती पुडी अजून तुमच्या कपाटात साड्यांखाली असेल. बहुतेक आया तिथेच ठेवतात. आज रात्री त्याला बोलवा आणि त्याच्या हातूनच संडासात टाकायला लावा. पाणी ओतताना तो काय म्हणतो ते जमलं तर मला लिहा.